रॉसचं टेलिफोन एक्स्चेंज

रॉसचं प्रिंटरविषयीचं मत मला त्याच्या नावाच्याही आधी कळलं. इंग्लंडातल्या रीडिंग गावी, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेसमोर माझा नवरा सुधीर आणि मी टॅक्सीतून उतरलो. आमच्याकडे दोन बॅगा होत्या आणि लेकरासारखा कडेवर घेतलेला ज्वारीच्या पिठाचा डबा होता. समोरच्या दारातून ऐन थंडीत अर्ध्या चड्डीतला एक उंच माणूस प्रिंटर छातीशी धरून बाहेर आला. त्यानं तो कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवला, हात झटकले आणि जुनी ओळख असल्यासारखा आमच्याशी बोलायला लागला. सुधीर मान हलवत होता. मी त्याच्या मागे उभी होते.

"काय म्हणतायत?" मी हळूच विचारलं.

"म्हणतोय, हे यंत्र कागद छापायला बनवलेलंच नाही, शाई विकायला बनवलंय. घरात ठेवायच्या लायकीचं नाही."

"आणि खोलीचं?"

"खोलीचं अजून काही बोलला नाही."

खोली मिळाली. वरच्या मजल्यावरची, मागच्या अंगणाकडे खिडकी असलेली. त्याआधीच्या घरमालकिणीनं फोडणीच्या वासावरून आम्हाला महिन्याभरात निघायला सांगितलं होतं, त्यामुळे मी धसका घेतला होता. स्वयंपाकघर सामायिक आहे, आम्ही तिखट खातो, मोहरी तडतडते, असं सगळं सुधीरला आधीच सांगायला लावलं. रॉसनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ज्या घरात कुणी काही शिजवत नाही त्याला घर म्हणायचं की गोदाम, ते आधी ठरवा. मग त्यानं स्वयंपाकघरातला मोठा ओटा मोकळा करून दिला. म्हणजे त्यावरच्या सगळ्या वायरी एका बादलीत भरल्या आणि बादली जिन्याखाली ठेवली. त्या ओट्याचे उपकार मी आजही मानते.

सुधीर मिरजेच्या इस्पितळात ब्रदर होता. इंग्लंडला नर्स हवे होते, तेव्हा मिरजेतली कितीतरी मुलंमुली गेली, त्यांतला तो एक. मी एकोणीस वर्षांची होते. माझी शाळा नववीतच सुटली होती. का सुटली ते सांगत बसत नाही, तेव्हा आमच्या गल्लीत कुणी मला विचारलंही नव्हतं. इंग्रजी म्हणजे एबीसीडी, दुकानांवरच्या पाट्या आणि थँक्यू. रॉस ऑस्ट्रेलियाचा, समुद्रापासून फार आत कुठेतरी जन्मलेला, पन्नाशीच्या पुढचा आणि एकटा. हमरस्त्याकडेच्या काचेच्या ऑफिसांपैकी एका ऑफिसात तो कॉम्प्युटरची जोडणी सांभाळत असे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच करत असे, फक्त आनंदानं. पहिले काही महिने मी मनातसुद्धा त्याला 'ते' म्हणत होते. पुढे त्यानंच मिस्टर, सर सगळं बंद करायला लावलं. म्हणून आता लिहिताना 'तो' येतं, आणि अजूनही लिहिताना थोडा संकोच वाटतो.

त्या घराला स्वतःचा एक आवाज होता. मागून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनाकडे आगगाड्या जायच्या तेव्हा कपाटातल्या बशा एकमेकींना लागायच्या. जिन्याखाली जुने कॉम्प्युटर एकावर एक रचलेले होते आणि त्यांच्या पंख्यांची दिवसरात्र गुणगुण चालायची. संध्याकाळी रॉस इंटरनेट लावायचा, तेव्हा फोनमधून आधी घरघर, मग किंचाळी, मग काचेवर नख ओढल्यासारखं काहीतरी येई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं लाटणं तसंच धरून बाहेर आले. रॉस हसला आणि सुधीरकरवी मला समजावलं की दोन यंत्रं एकमेकांना नमस्कार करतायत, तू किती वेगानं बोलतेस, मी किती वेगानं बोलू, ते ठरवतायत. मला ते फार आवडलं. पुढं ती किंचाळी ऐकली की मी मनात म्हणायची, झाली ओळख. आमच्याही आवाजाची त्याला सवय करून घ्यावी लागली. पहिल्या रविवारी मी भाकरी थापायला घेतली, तर रॉस दार उघडून बाहेर बघून आला. पुन्हा थापली, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि पिठल्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. मोबदल्यात त्यानं मला त्याच्याकडचा पावाला लावायचा काळा, खारट लेप चाखायला दिला. मी थँक्यू म्हटलं आणि बेसिनशी जाऊन चूळ भरली.

रॉसची मतं म्हणजे त्या घरातला शनिवार. त्याची स्वतःची एक वेबसाइट होती आणि दर शनिवारी सकाळी तो तिच्यावर एक लेख टाकायचा. विषय कायम घरातलाच असे. कॉम्प्युटर, फोन, मोबाइलची बटणं, टीव्हीचा रिमोट. टाकण्याआधी तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, कारण मोठ्यानं वाचल्याशिवाय चूक सापडत नाही, असंही त्याचं एक मत होतं. सुधीर चहाचे घोट घेत थोडं थोडं मराठीत सांगायचा. जी वस्तू पीं पीं करते पण का करते ते सांगत नाही, ती उद्धट आहे. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवायला काही हरकत नाही, कारण पाकीट सांभाळणं माणसाला लहानपणापासून येतं. एकाच जागी ठेवलेलं ते ठेवलेलंच नाही, दोन जागी ठेवा. जेवायला बसायच्या आधी कॉम्प्युटरमध्ये कुठलाही बदल करू नका, जेवण गार होईल. इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं असलं पाहिजे, तोटी सोडली की आलं, आणि एक दिवस तसं होईल. आणि म्हाताऱ्या माणसाला फोन वापरता येत नसेल तर म्हाताऱ्याला शिकवू नका, फोन बनवणाऱ्याला शिकवा.

हे शेवटचं सुधीरनं सांगितलं तेव्हा मी भाजीचा चमचा खाली ठेवला. मला आयुष्यभर उलटं सांगण्यात आलं होतं. फॉर्म भरता आला नाही, तुझी चूक. बँकेतल्या बाईचं कळलं नाही, तुझी चूक. आणि इथे हा एवढी यंत्रं जाणणारा माणूस चक्क यंत्राला रागावत होता. मी सुधीरला म्हटलं, "अहो, हे त्यांनी लिहिलंय? छापणार?"

"छापणार नाही, वेबसाइटवर टाकणार."

"म्हणजे सगळ्यांना दिसणार?"

"ज्यांना बघायचंय त्यांना दिसणार."

रॉसनं विचारलं, काय म्हणते ही? सुधीरनं सांगितलं. रॉस गंभीरपणे म्हणाला, "वाचणारे फार नाहीत. माझी बहीण आहे आणि एक निवृत्त पोस्टमास्तर आहे. पोस्टमास्तरला माझं काहीच पटत नाही." त्या बहिणीला त्यानं एकदा माझ्यासमोर ईमेल पाठवलं. मी चहात आलं किसून टाकलं, चहा गाळला, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून तिचं उत्तर आलं. तिनं माझं नाव विचारलं होतं. मी कितीतरी वेळ त्या काचेकडे बघत होते. आज माझ्या हातातल्या फोनवर माझी भाची मिरजेतून मला तिची नवी पर्स दाखवते आणि मी म्हणते, अगं, जरा प्रकाशात धर. तेव्हाचं ते नवल आता कुठं गेलं, असं कधीकधी मला वाटतं.

घरी फोन करायला आम्ही ऑक्सफर्ड रोडवरच्या दुकानातून फोनकार्ड आणायचो. ते चटकन संपायचं, म्हणून ते महत्त्वाच्या बोलण्याला. बाकी सगळं मिस्ड कॉलवर चालायचं. हे आता नव्या मुलांना समजावून सांगावं लागतं. मिरजेला आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता. रविवारी दुपारी माझा भाऊ बाळू तिथून रॉसच्या घरचा नंबर फिरवायचा, एक रिंग होऊ द्यायचा आणि ठेवून द्यायचा. उचलला नाही म्हणजे पैसे पडत नाहीत. एक रिंग म्हणजे आम्ही सगळे बरे आहोत. लागोपाठ दोनदा म्हणजे तुम्ही फोन करा. त्या एका रिंगेसाठी मी रविवारी सकाळपासून फोनच्या आसपास काहीबाही पुसत असायची. रिंग झाली की आई तिकडं काकूंच्या दारात पदर सावरून उभी आहे, ते मला दिसायचं. एवढंच बोलणं, पण आठवडाभर पुरायचं.

सुधीरनं रॉसला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला लाज वाटायची. फुकटात फोन वापरतात, असं घरमालकाला वाटेल म्हणायचा. रॉसला मात्र ती एकच रिंग फार खुपायची. एका शनिवारी त्यानं बराच लांब लेख वाचला. वाचताना तो टेबलावर बोट आपटत होता आणि फोनकडे हात करत होता. मी विचारलं, "आज काय?" तर सुधीर कपात बघत म्हणाला, "फोनबद्दल आहे काहीतरी." बऱ्याच दिवसांनी मला त्या लेखाचा अर्थ कळला. माल विकणाऱ्या कंपन्यांची यंत्रं आपोआप घरोघरी फोन लावतात, एकदा वाजवून बंद करतात, सज्जन माणसाला आंघोळीतून बाहेर काढतात. आपल्याकडे तर हे दर रविवारी होतं. याचा मी बंदोबस्त करणार आहे, असं त्यात लिहिलं होतं.

बंदोबस्त करायला त्याला तीन आठवडे लागले. जिन्याखालच्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्यानं फोन जोडायचं एक सर्किटचं कार्ड बसवलं, घरचा फोन त्याला जोडला आणि घरातल्या घरात एक छोटं टेलिफोन एक्स्चेंज उभं केलं. बाहेरून फोन आला की वाजायच्या आधीच ते यंत्र उचलणार. रॉसच्या आवाजात नमस्कार करणार, रॉस हवा असेल तर एक दाबा, सुधीर आणि नंदा हवे असतील तर दोन दाबा म्हणणार. काही दाबलं तरच घरात रिंग होणार. नाही दाबलं तर तुमचा निरोप सांगा म्हणणार आणि तो साठवून ठेवणार. विकणाऱ्यांच्या यंत्रांना बटण दाबता येत नाही, म्हणजे झालं काम. त्यानं आम्हाला सगळं दाखवलं. स्वतःच्या आवाजात माझं नाव घेताना त्यानं तीनदा सराव केला होता. एका कॉम्प्युटरला माझं नाव माहीत आहे, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. मी सुधीरला एवढंच विचारलं की आपली रिंग? तो म्हणाला, "अगं, हे विक्रीवाल्यांना अडवायला आहे. घरच्यांना कशाला अडवेल?" रॉसच्या हुशारीवर आमचा दोघांचा इतका विश्वास होता की ते यंत्र आपली माणसं ओळखेल, यात आम्हाला काहीच नवल वाटलं नाही.

त्याच आठवड्यात आप्पांचं ऑपरेशन होतं. माझे वडील, हृदयाचं दुखणं. शुक्रवार ठरला होता. आदल्या रविवारी कार्डावर बाळूशी बोलले. तो म्हणाला, "ऑपरेशन झालं, सगळं नीट असलं, की इस्पितळाबाहेरच्या बूथवरनं एक रिंग देतो ताई. तुमच्याकडं दुपार व्हायच्या आत."

"आणि नाहीतर?"

"नाहीतर बघू की," बाळू म्हणाला, आणि मग कार्ड संपलं.

शुक्रवारी सुधीरची दिवसाची ड्यूटी होती. रॉस ऑफिसला गेला. मी आंघोळ करून, खोलीतल्या फोटोपुढे दिवा लावून खाली येऊन बसले. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. दहा वाजता मी कांदा चिरला. कशासाठी ते ठरलं नव्हतं. अकराच्या सुमारास वाटलं, फोन बिघडला तर नाही? रिसीव्हर उचलून कानाला लावला, आवाज येत होता. ठेवला आणि लगेच जीव घाबरा झाला, की नेमकं त्याच वेळी बाळूनं लावला असेल आणि त्याला एंगेज लागला असेल. मग उचललाच नाही. कधीतरी जिन्याखाली त्या कॉम्प्युटरचा खट्ट असा आवाज झाला आणि त्याचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कामात आपण लुडबूड करू नये, म्हणून पुन्हा फोनकडे तोंड करून बसले.

एक वाजला. दोन वाजले. बाळूचं ते 'नाहीतर बघू' माझ्या डोक्यात मोठं मोठं होत गेलं. सुधीरला वॉर्डात फोन करावा असं वाटलं, पण फोन अडकेल. शिवाय उचलणाऱ्या सिस्टरला इंग्रजीत काय सांगणार? काकूंकडे लावायला कार्ड नव्हतं. दुकान लांब नव्हतं, पण मी बाहेर पडले आणि रिंग झाली तर? मी तिथून उठलेच नाही. मनात मी आप्पांना उठवून बसवत होते, त्यांना चहा देत होते, आणि मग एकदम त्यांचं अंथरूण रिकामं दिसायचं. देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं, की शेवटी देवाशी बोलणं संपलं आणि मी फोनशीच बोलायला लागले. एकदा वाज, म्हणत होते. एकदाच.

रॉस पाचच्या सुमारास आला. ओट्यावर चिरलेला कांदा सुकलेला, दिवे लावलेले नाहीत, आणि मी फोनखाली खुर्चीवर. त्यानं दिवा लावला आणि कोट न काढताच समोर बसला. मला जेवढे इंग्रजी शब्द येत होते तेवढे मी त्याच्यासमोर ठेवले. फादर. हार्ट. ऑपरेशन टुडे. नो रिंग.

"कसली रिंग?"

मी हातानं करून दाखवलं. मुठीचा रिसीव्हर केला, एक बोट वर केलं, मग मूठ खाली आपटली. वन रिंग, कट. मीन्स गुड. नो मनी. एव्हरी संडे.

त्यानं वळून भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं. "दर रविवारी," तो सावकाश म्हणाला. "ते तुम्ही होतात."

मग तो ताडकन उठला आणि जिन्याखाली शिरला. मी मागोमाग गेले. कॉम्प्युटरपुढे गुडघ्यांवर बसून त्यानं काहीतरी टाइप केलं, दोनदा चुकला, शिवी दिली, सॉरी म्हणाला, पुन्हा टाइप केलं. आणि जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या कोनाड्यात मिरजेच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न वाजला.

आधी बाळूचा आवाज आला. "आई, उचलला की कुणीतरी. इंग्लिशमधी बोलायलाय." मग एक परका माणूस, बूथवाला असणार, "मीटर पडला बघा मावशी, ठेवा नायतर बोला." आणि मग आई, अगदी जवळ, रिसीव्हर तोंडाला चिकटवून. "दे हिकडं. पैसं पडल्यातच तर बोलते."

"नमस्कार साहेब," आई म्हणाली. "मी नंदाची आई बोलते, मिरजंवरनं. बरं हायसा न्हवं? नंदाला एवढा निरोप द्या. तिच्या वडलांचं आपरेशन झालं. चांगलं झालं म्हणालं डॉक्टर. सुद्दीवर आल्यात. च्या मागत्यात, पर देत न्हाईत अजून. तिला म्हणावं, काळजी करू नगं." ती थोडी थांबली. "तुमी तिला सैपाकाला जागा दिलीसा, तिनं सांगितलंय. लई उपकार हायत तुमचं. एक इचारू का साहेब? रडती का वो ती तितं? आमाला फोनवर समदं ब्येस हाय म्हणती. तुमच्या डोळ्यांम्होरं असती, म्हून इचारते."

मग काही नाही. रिक्षा, कुणाचा तरी खोकला, आईचा श्वास. ती वाट बघत होती. बराच वेळ गेला. "बरं," ती शेवटी म्हणाली. "कामात असशीला. ठेवते."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. आप्पा चहा मागत होते. मी हसत होते आणि नाक पुसत होते. आपली आई तिकडं मिरजेत बोलली आणि ते बोलणं इतके तास या पेटीत न सांडता राहिलं, माझ्यापासून चार हातांवर, मी फोनला विनवण्या करत होते तेव्हासुद्धा. मला त्या यंत्राचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्याला हात लावला, ते कोमट होतं. तो निरोप रॉसनं त्याच्या मताप्रमाणे लगेच दोन जागी ठेवला. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज माझ्याकडे एवढाच आहे.

"काय म्हणाली?" रॉसनं विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ऑपरेशन गुड. फादर आस्किंग टी."

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. मग पुन्हा कळफलकाकडे वळला आणि शेवटचा भाग परत लावला. आईचा प्रश्न, रिक्षा, खोकला, श्वास. "इथे," तो म्हणाला. "इथे ती थांबली आहे. मी बोलेन म्हणून थांबली आहे. काय विचारलं तिनं?"

"नथिंग."

"नंदा, तिनं ते मला विचारलंय."

मी मान खाली घालून सांगितलं. शी आस्क, नंदा क्राइंग हिअर ऑर नॉट. रॉस तिथेच जमिनीवर टेकला. मग त्याच्या गावाबद्दल बोलला. मला त्यातलं अर्धं तेव्हा समजलं, अर्धं सुधीरनं नंतर सांगितलं. त्याच्या लहानपणी दूरदूरच्या घरांना मिळून फोनची एकच तार होती. फोन सगळीकडे वाजायचा. कुणाचा आहे ते रिंगेवरून कळायचं. रॉसच्या घराची दोन लांब आणि एक आखूड. त्याचे वडील गुरं घेऊन आठवडे आठवडे लांब जायचे. वाटेतल्या कुठल्यातरी घरातून दोन लांब, एक आखूड वाजवायचे आणि ठेवून द्यायचे, आणि त्याची आई तिकडे न बघता म्हणायची, पोचले. "मला हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी ऐकत होतो आणि मला ओळखू आलं नाही." मग त्यानं कॉम्प्युटरमागची वायर ओढून काढली आणि फोन पहिल्यासारखा भिंतीतल्या तारेला जोडला.

संध्याकाळी सुधीर आला, त्यानं सगळं ऐकलं आणि रॉसची माफी मागायला लागला. रॉस म्हणाला, माफी राहू दे, मला कार्ड आणून दे, नंदाच्या आईंना उत्तर द्यायचं आहे. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, पण लेखाचं वाचन झालं नाही. दुपारी, म्हणजे मिरजेच्या संध्याकाळी, आई कपडे न्यायला घरी येणार होती. आम्ही काकूंकडे फोन लावला. काकूंनी हाक मारली, आईच्या चपला वाजल्या. आप्पांनी दोन घोट चहा घेतला होता. मग मी म्हटलं, "आई, काल तू ज्यांच्याशी बोललीस ते इथं आहेत. काल ते यंत्र होतं. आज ते स्वतः आहेत."

"यंत्र?" आई म्हणाली. "मग मी इचारलं ते?"

"त्याचंच उत्तर द्यायचंय त्यांना."

सुधीर पुढे झाला, "मी सांगतो मराठीत." रॉसनं त्याला हातानं थांबवलं. "नंदा सांगेल." त्यानं रिसीव्हर घेतला, वाकून, अदबीनं, जणू आई समोर बसली आहे. तो सोप्या इंग्रजीत, तुटक तुटक बोलला, माझ्याकडे बघत. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला.

तो म्हणाला होता, हो, रडायची. पहिले दोनतीन महिने, रोज सकाळी, नवरा कामाला गेला की. स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. काय करावं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी थोडा उशिरा कामाला निघायचो, म्हणजे घरात कुणीतरी असेल.

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसेल, असं मी धरून चालले होते. सुधीर माझ्याकडे बघत होता, त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तिकडं आई वाट बघत होती. कार्ड संपत होतं. मी 'सगळं बरं आहे म्हणतात' एवढंच आईला सांगितलं असतं तरी चाललं असतं. रॉसला मराठी येत नव्हतं. पण तो समोर उभा होता, आणि आईनं खरं काय ते विचारायला हजारो मैलांवरच्या परक्या माणसाला निवडलं होतं.

"आई," मी म्हटलं, "ते म्हणतात, आधी रडायची. नळ सोडून. त्यांना ऐकू यायचं."

"आणि आता?"

मी रॉसला विचारलं. अँड नाऊ? तो म्हणाला, आता भांडते. मागच्या आठवड्यात मायक्रोवेव्हबद्दलचं माझं मत चूक आहे म्हणाली. चूकच होतं ते.

मी तेही सांगितलं. आई हसली नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू आला, मोठा, बऱ्याच दिवसांचा धरून ठेवलेला.

"त्यास्नी म्हणावं, लई बरं झालं सांगितलासा," ती म्हणाली. "आन तू गं. रडायचं तर नळ बंद करून रड. घरातल्यास्नी ऐकू जाऊ दे."

रॉस वाट बघत होता. एवढं लांब वाक्य मी इंग्रजीत कधी बोलले नव्हते. सुधीरकडे न बघता मी ते सगळं त्याला सांगितलं.